निम्फेयाच्या दारावरचं नाव

माझा नवरा अकरा उन्हाळे दुसऱ्या माणसाच्या नावाने समुद्रावर राहिला, आणि ते अकराही उन्हाळे मी प्लोवदिवच्या उकाड्यात दोन पोरं सांभाळत काढले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर कुणी दचकायला नको.

लाझारला सत्तर साली चित्रकार संघातून काढून टाकलं. त्याने सहकारी शेतावरच्या एका बाईचं चित्र काढलं होतं. बाई बादलीत पाय सोडून बसली होती आणि थकलेली दिसत होती. आपल्या देशातली कष्टकरी बाई थकलेली दिसता कामा नये, असं समितीचं म्हणणं पडलं. लाझार म्हणाला, मग एकदा दिवसभर टोमॅटो तोडून बघा आणि आरशासमोर उभे राहा. झालं. त्यानंतर तो दूध डेअरीच्या पाट्या रंगवायला लागला, आणि समुद्रकाठच्या निम्फेया हॉटेलचं दार त्याला बंद झालं. निम्फेया तेव्हा संघाच्या ताब्यात होतं. संघाचं सुट्टीचं कार्ड असल्याशिवाय तिथे वाटीभर सूपही मिळत नसे.

अनानी राशेव हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. संघाकडून त्याला वर्षाला एक कार्ड मिळायचं, तीन आठवड्यांचं, एका माणसापुरतं. त्यावर फोटो नसायचा. एकाहत्तरच्या जूनमध्ये तो आमच्याकडे आला, कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मला समुद्राचा वारा बाधतो. तू जा." असं अकरा वर्षं चाललं. मग तिथे नवा व्यवस्थापक आला, तो ओळखपत्र मागायला लागला आणि सगळं थांबलं.

निम्फेयाची एक रीत होती. जाताना प्रत्येक चित्रकाराने एक लहानसं चित्र जेवणघरासाठी ठेवून जायचं. लाझारनेही ठेवली, अकरा वर्षांची अकरा. सही मात्र एकावरही केली नाही. स्वतःची केली असती तर पकडला गेला असता, आणि अनानीची करायला त्याचा हात धजेना.

पुढे राज्य बदललं, संघाचा रुबाब गेला, हॉटेल कित्येक वर्षं कुलपात पडून राहिलं. मग राजधानी सोफियातल्या कुणीतरी ते विकत घेतलं, झाडलं-पुसलं आणि 'चित्रकारांचं हॉटेल' म्हणून पुन्हा उघडलं. नातीने फोनवर मला त्या जेवणघराचा फोटो दाखवला. लाझारची अकरा चित्रं ओळीने टांगलेली होती, आणि प्रत्येकाखाली चकचकीत पितळी पट्टी: अनानी राशेव.

मी भडकले. अनानीला काय कमी होतं? बक्षिसं होती, पुस्तकांत नाव होतं, त्याच्या अंत्ययात्रेला मंत्री आले होते. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर दह्याच्या पाट्या रंगवल्या, आणि त्याचं जे काही चांगलं काम होतं तेही आता याच्याच नावावर. लाझारने फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. त्याला एक्याऐंशी पूर्ण झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू होते, आणि हृदयाबद्दल डॉक्टर हल्ली मला बाजूला घेऊन बोलायचे.

"दोन्का," तो म्हणाला, "मरायच्या आधी त्या घरात एकदा माझं नाव लागलेलं मला बघायचंय."

"लागेल. कसं लागत नाही ते मी बघते."

"सोळा सप्टेंबरला मात्र तिथे असायला हवं."

का, ते मी विचारलं नाही. त्याने गेल्या दहा वर्षांत स्वतःहून काही मागितलं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पंधरा तारखेला दुपारी आम्ही बसमधून उतरलो. निम्फेया बंदराच्या वर आहे, खाली दगडी जोतं आणि वर लाकडी मजले. चढ चढताना लाझार तीनदा थांबला आणि तिन्ही वेळा म्हणाला की बुटाची नाडी सुटली. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

दाराशी मी सवयीने आधी कागद वाचायला लागले. आमच्याकडे माणूस गेला की फोटो आणि नाव छापलेला कागद दारावर लागतो. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, नंतर दरवर्षी. बाजारात जाताना कांद्याचा भाव आणि दारांवरचे कागद वाचल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. निम्फेयाच्या दारावर एकच कागद होता. 'चित्रकार अनानी राशेव. तुमच्याविना तीन वर्षं.' आणि वर फोटो होता माझ्या नवऱ्याचा.

चाळिशीतला लाझार. डोळे बारीक करून उन्हाकडे बघणारा. अंगात मी शिवलेला चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, वरून दुसरं बटण वेगळं, कारण तसलं बटण तेव्हा प्लोवदिवभर हिंडूनही मिळालं नव्हतं. माणूस माझा हात धरून धापा टाकत उभा होता आणि समोर त्याच्याच मृत्यूचा कागद होता.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं. त्याला त्या अंतरावरून नुसता पांढरा चौकोन दिसत होता.

"काही नाही. जुनेपाने कागद आहेत. चल आत."

आत रालित्सा नावाची तिशीतली मुलगी होती, हॉटेल तीच चालवते. गोड बोलणारी, पण नजर पक्की. तिने फॉर्म पुढे केला. लाझारने तो माझ्याकडे सरकवू दिला नाही; एवढं तरी मी स्वतः लिहिणार, म्हणाला. वाकून, नाक कागदाला टेकवून त्याने नाव लिहिलं. रालित्साने ते वाचलं, मग ओळखपत्र वाचलं, मग पुन्हा फॉर्म.

"आजोबा, इथे अनानी राशेव लिहिलंय. ओळखपत्रावर तर लाझार ग्रोझेव आहे."

लाझारने पेन खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले.

"सवय," तो म्हणाला.

मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काही न करता मी दुसरा फॉर्म मागितला आणि भराभर भरून टाकला. सहीच्या जागी त्याने नुसती एक रेघ ओढली.

मग आम्ही जेवणघरात गेलो. तो एकेका चित्रासमोर जाऊन उभा राहायचा, इतका जवळ की काचेवर त्याचा श्वास उमटायचा. मी मागून बघत होते. होड्या, जाळी वाळत घातलेला धक्का, गच्चीवरच्या दोरीवर फडफडणारे स्वयंपाकघरातले पांढरे ॲप्रन. त्या अकरा उन्हाळ्यांत मी समुद्र फक्त त्याच्या शर्टांच्या वासात पाहिला होता. आता तो माझ्यासमोर टांगलेला होता आणि सुंदर होता. मला रडू आलं, आणि खाली पितळी पट्ट्या दिसल्या तशी रडण्याची जागा रागाने घेतली.

मी थेट रालित्साकडे गेले. "ही चित्रं माझ्या नवऱ्याची आहेत."

तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. "आजी, रागावू नका, पण दर मोसमात दोघं-तिघं येऊन असंच सांगतात. कुणाचा काका, कुणाचे सासरे. माझ्याकडे जुन्या नोंदवह्या आहेत. इथे अकरा वर्षं राशेव राहिलेत. ग्रोझेव हे नावच नाही कुठे."

"नसणारच. तो अनानीच्या कार्डावर यायचा."

"असेलही. पण त्याला साक्ष कोण?" मग तिला काहीतरी सुचलं. "लेल्या स्तोइना! तेव्हापासूनची स्वयंपाकीण. आम्ही सगळे तिला मावशीच म्हणतो. ती प्रत्येकाला ओळखायची. उद्या सकाळी येणारच आहे, राशेवांचं तिसरं वर्ष आहे ना. मृताच्या नावाने वाटायचा गहू शिजवून आणते ती, दरवर्षी."

"दारावरचा कागद तिनेच लावलाय?"

"हो. संघाने पाठवला होता त्यावर भलताच फोटो होता म्हणे. कुणा दाढीवाल्याचा. सोफियातल्या लोकांना आपला माणूससुद्धा ओळखता येत नाही, असं म्हणून तिने कात्री घेतली, तो फोटो काढून टाकला आणि तिच्याकडच्या जुन्या फोटोतला छातीपर्यंतचा भाग कापून तिथे चिकटवला."

मी हो का, एवढंच म्हटलं. आमची एकुलती एक साक्षीदार, आणि तिच्या लेखी माझा नवरा राशेव होता. वर मेलेलाही होता.

सकाळी आम्ही लवकर खाली आलो. लाझारने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीजवळच्या टेबलाशी तो चहात पावाचा तुकडा बुडवून खात होता, कडेने, कडक पापुद्रा आधी, मग मऊ भाग, जसा तो पन्नास वर्षं खातोय. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि काळ्या रुमालातली एक बुटकी, रुंद बाई हातात गव्हाचं ताट घेऊन बाहेर आली.

ती थांबली. ताट जवळच्या टेबलावर अगदी सावकाश ठेवलं. डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा घट्ट बांधला. तीन वेळा छातीवर क्रूसाची खूण केली. मग चालत आली आणि लाझारच्या गालाला असा कचकन चिमटा काढला की त्याच्या हातातला पाव चहात पडला.

"गरम आहेत," ती मला म्हणाली, जणू मी तपासणीसाठी बोलावलेली नर्स होते. मग त्याला, "कॉम्रेड राशेव! अहो, तीन वर्षं मेणबत्त्या लावतेय मी तुमच्या नावाने! चर्चमध्ये खालच्या वाळूत, मेलेल्यांच्या. आणि तुम्ही इथे पाव खाताय? वरच्या खणात लावायला हव्या होत्या, जित्यांच्या! देवाने काय म्हटलं असेल मला?"

"स्तोइना," लाझार म्हणाला. त्याने तिला आवाजावरून ओळखलं होतं. "तुझ्या गावरान पावाची चव याला नाही."

ती हसली आणि लगेच रडायला लागली. रालित्सा दारात उभी होती. "म्हणजे हेच राशेव?" तिने विचारलं.

स्तोइनाने 'हो' म्हटलं असतं तर संपलंच होतं. पण लाझारच आधी बोलला.

"मी राशेव नाही, स्तोइना. कधीच नव्हतो. माझं नाव लाझार ग्रोझेव. अनानी माझा मित्र. कार्ड त्याचं होतं."

स्तोइना बसली. खुर्ची करकरली. ती ॲप्रनची कड चिमटीत धरून चोळत होती.

"अकरा वर्षं माझ्या हातचं खाल्लंत," ती म्हणाली. "वांगी नकोत म्हणून तुमच्यासाठी वेगळं शिजवलं. माझे ॲप्रनसुद्धा रंगवलेत, ते बघा तिथे. गच्चीवर बसून काढत होतात तेव्हा मी दोरी हलवली म्हणून ओरडला होतात माझ्यावर. आणि नाव तेवढं खोटं?"

"हो."

रालित्साने त्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मान डोलावली. साक्ष झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण स्तोइनाचं अजून संपलं नव्हतं.

"मग मेलं कोण?" तिने विचारलं.

"अनानी. खराखुरा. दाढी होती त्याला."

"आणि त्याच्यासाठी इथे तीन वर्षांत कुणी गहू शिजवला नाही. मेणबत्ती नाही. मी त्याचा फोटो चुलीत घातला आणि दारावरच्या कागदावर तुमचा लावला, माहितीय? ज्याचं कार्ड, त्याचा फोटो मी चुलीत घातला." ती मोठ्याने श्वास घ्यायला लागली. "तो कधी आलाच नाही इथे? एकदाही?"

"एकदाही नाही. वर्षाला कार्डच एक मिळायचं, आणि नंतर तो आला असता तर आमचं बिंग फुटलं असतं."

"अनानीला समुद्राचा वारा बाधायचा," मी म्हटलं. बिचाऱ्या बाईला जरा बरं वाटावं म्हणून.

लाझारने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या डोळ्यांवर ते धुकं असतं, तरी मला ती नजर लागली.

"बाधत नव्हता, दोन्का. त्याला त्या वाऱ्याचीच गरज होती. त्याची छाती लहानपणापासून अधू. कार्डाच्या मागे डॉक्टरचा शिक्का असायचा: छातीच्या विकारासाठी, समुद्रकाठी तीन आठवडे. तिसऱ्या वर्षी मी कार्ड उलटून पाहिलं, तेव्हा कळलं."

"तिसऱ्या वर्षी?"

"हो. आणि तरीही आणखी आठ वर्षं मी येत राहिलो. त्याने देत राहायचं, मी घेत राहायचं. मी त्याला कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. शेवटी छातीनेच नेला त्याला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला येऊ दिलं नसतंस."

खरं होतं ते. मी बांधून ठेवला असता त्याला. आणि मग ही अकरा चित्रं झाली नसती, आणि डेअरीच्या पाट्या रंगवता रंगवता तो कधीच आतून संपला असता, हेही मला माहीत होतं. अनानीलाही माहीत असणार. तीन वर्षांपूर्वी त्याच्या अंत्ययात्रेत मी मंत्र्यांच्या गाड्या मोजत उभी होते. ते आठवून मला स्वतःची लाज वाटली, इतकी की मी ग्लासातलं पाणी संपेपर्यंत कुणाकडे पाहिलं नाही.

रालित्सा पुढे आली. "आजोबा, पट्ट्या मी बदलून घेते. या महिन्यातच. अकराच्या अकरा. लेल्या स्तोइनाने सांगितलं, मला तेवढं पुरे आहे."

ज्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो, ते ती देत होती. लाझारने हात वर करून तिला थांबवलं.

"पट्ट्यांचं मागाहून बघू. आधी दारावरचा माझा फोटो काढ. आणि मला एक जाड कागद दे. पेन्सिल आहे?"

पेन्सिल बोथट निघाली. स्तोइना आत गेली आणि मासे भाजायच्या शेगडीतला कोळशाचा एक बारका तुकडा घेऊन आली. लाझारने तो बोटांत धरला. सहा-सात वर्षांत त्याने काही काढलं नव्हतं. हात कापायचा म्हणून सोडूनच दिलं होतं. आताही कापत होता. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, नाक कागदाला टेकवलं आणि सुरुवात केली.

आम्ही तिघी उभ्या होतो. गहू गार झाला. आधी कपाळ आलं, रुंद. मग खोल गेलेले गाल, दाढी, आणि त्यातून जरासं वाकडं हसू, कार्ड टेबलावर ठेवताना असायचं ते. रेघा सरळ नव्हत्या, पण चेहरा त्याचाच होता. मी अनानीला तीस-पस्तीस वेळा तरी जेवायला वाढलं असेन, आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

खाली लाझारने मोठ्या अक्षरांत लिहिलं: अनानी राशेव. तुझ्याविना तीन वर्षं. आणि त्याखाली, कागदाच्या तळाशी, जिथे शोक करणाऱ्याचं नाव येतं, तिथे कोळसा टेकवून तो थांबला.

काल फॉर्मवर काय झालं ते मला आठवलं. माझ्या ओठांवर त्याचं नाव आलं होतं. मी दात घट्ट मिटून घेतले. हे त्याचं त्यालाच लिहायला हवं होतं.

त्याने लिहिलं, एकेक अक्षर सुटं सुटं, शाळेतल्या पोरासारखं: लाझार ग्रोझेव.

स्तोइनाने खुर्चीवर चढून जुना कागद उतरवला. त्यावरचा फोटो नखाने अलगद सोडवून माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडे ठेवा, बाई. याला दारावर काही काम नाही." मग नवा कागद चार टाचण्यांनी लावला, मागे सरकली आणि वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला. तळाशी आल्यावर अडखळली, पुन्हा वाचलं. "ग्रोझेव. आता या वयात हे तोंडात बसवायचं!"

लाझार अगदी जवळ जाऊन उभा राहिला. दोन्ही नावं त्याने बोटाने चाचपली, आधी वरचं, मग खालचं. त्याच्या बोटाने खालच्या नावाचा शेवट थोडा पुसट झाला.

स्तोइनाने ताट आणलं, गहू ढवळला, अक्रोड वर आणले. "हात पुढे करा, लाझार ग्रोझेव," ती म्हणाली. "अनानीसाठी."

त्याने ओंजळ केली. आमच्याकडे तो गहू हातावर घेताना एकच वाक्य म्हणतात, लहान पोरांनाही पाठ असतं: देव त्याला क्षमा करो. मी म्हटलं, रालित्साने म्हटलं. लाझारचे ओठ हलले, पण ते वाक्य आलं नाही. तो दारावरच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"अनानी," तो म्हणाला, "तू मला कर."

स्तोइनाने ऐकलं नाही असं दाखवलं, आणि त्याच्या ओंजळीत आणखी एक चमचा वाढला.